मागे जाण्याची शर्यत

माझी मुलगी त्या महिन्यात पोहे काट्याने खात होती. पोह्यांतला शेंगदाणा काट्यावर ठरत नाही, तो घरंगळून ताटलीबाहेर जातो, आणि मग ती तो गुपचूप बोटांनी उचलून तोंडात टाकायची. माझी आई समोर बसून हे सगळं बघायची आणि मला विचारायची, हिच्या हाताला काही झालंय का. मी म्हणायचे, सवय करतेय ती. कसली सवय, हे सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. आईला कळलं की खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळणार, आणि नंबर लागला नाही तर लोक वर्षभर येता-जाता विचारत बसणार.

मुलगी अकरावीत होती. एक संस्था आहे, ती एका देशातली मुलं दुसऱ्या देशातल्या घरांत वर्षभर राहायला पाठवते. तिथल्या शाळेत जायचं, तिथल्या घरात भांडी घासायची, त्यांचे सण करायचे, आपले त्यांना दाखवायचे, आणि शहाणं होऊन परत यायचं. खर्च सगळा संस्थेचा. आजवर आपल्याकडून जायची ती मोठ्या शहरांतल्या मोठ्या शाळांतली मुलं, ज्यांचे आईवडील आधीच दोनचार देश पाहून आलेले. तिकडून यायची तीही बहुतेक गोऱ्या, सुखवस्तू घरांतली. मग त्यांच्यातल्याच काहींनी विचारलं, की हे जग एकमेकांना भेटवणं चाललंय की एकाच रंगाचे, एकाच थरातले लोक एकमेकांकडे पाहुणे म्हणून जाताहेत? संस्थेला ते लागलं असावं. तिने जाहीर केलं, की वंश, वर्ण, जन्म यावरून जे मागे राहिलेत त्यांच्याशी आम्ही बांधील आहोत. आणि ही बांधिलकी नुसती बोलण्यापुरती राहू नये म्हणून लहान शहरांतून कार्यशाळा ठेवल्या. भिवंडीच्या वाट्याला एक कार्यशाळा आली आणि एक जागा.

मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवते. परदेशातून येणाऱ्या प्रशिक्षक बाईंचं बोलणं मराठीत सांगायला कोणीतरी हवं होतं, म्हणून संस्थेचं ठाण्यातलं काम बघणाऱ्या ताईंनी मला गाठलं. मी त्यांना सांगितलं, माझी मुलगी त्याच मुलांत आहे, बरं दिसणार नाही. त्या म्हणाल्या, अहो, तुम्ही फक्त भाषांतर करणार, निवड आम्ही करणार, त्यात काय एवढं. मी हो म्हटलं आणि त्या दिवसापासून मला जी धास्ती लागली ती लागलीच.

ती कशाची ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. आम्ही मूळचे दिघाशीचे, बौद्ध. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कुणाला काही कळत नाही. मुलगी नववीत असताना एका वर्गमैत्रिणीच्या घरी अभ्यासाला जायची. एकदा त्या मुलीच्या आईने तिला विचारलं, तुम्ही कुठले? ही म्हणाली, दिघाशीचे. मग पुढचा प्रश्न आला, गावात घर कुठे? पोरीला त्यात काय खुपणार? तिने सांगितलं, गावाच्या बाहेर, ओढ्याच्या अंगाला. त्या बाईंनी ‘हो का’ म्हटलं आणि तिच्यापुढे चहा ठेवला. वाईट काही बोलल्या नाहीत. फक्त त्यानंतर त्या मैत्रिणीला अभ्यासाला कधी वेळ मिळेना, आणि वाढदिवस झाला तो आम्हाला फोटोंतून कळला.

मी त्या घरी जाऊन चार शब्द सुनवायला निघाले होते. माझा स्वभाव तापट, नवरा म्हणतो, हिला वात लावायला काडीही लागत नाही. मुलीनेच मला दारात अडवलं. त्यानंतर तिने स्वतःच एक पद्धत धरली. कुणी विचारलं, कुठले, तर म्हणायचं, इथलेच. तिच्या कॉलेजात, क्लासमध्ये, तिच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीलाही यापलीकडे माहीत नव्हतं. ही मैत्रीण भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातली, वडिलांचे कापडाचे लूम आहेत. दोघी एका डब्यात जेवतात. तिला सांगितलं असतं तरी काही बिघडलं नसतं असं मला वाटायचं, पण मी तिच्या वयात नाही आणि तो चहाही माझ्यापुढे ठेवला गेला नव्हता.

कार्यशाळेच्या आदल्या संध्याकाळी प्रशिक्षक बाईंनी मला फोनवर प्रश्न पाठवले. एक खेळ घ्यायचा होता. मुलांनी हॉलच्या मधोमध एका रेघेवर उभं राहायचं. एकेक वाक्य सांगितलं जाईल. ज्याला जन्माने काही मिळालंय त्याने पुढे जायचं, ज्याला जन्मामुळे काही सोसावं लागलंय त्याने मागे. शेवटी सगळ्यांनी मान वळवून पाहायचं, कोण कुठे पोचलं. भाजी गॅसवर होती आणि मी एका हाताने ढवळत वाचत होते. घरात पुस्तकं आहेत का, आईवडील शिकलेत का, असं वाचत वाचत मी एका वाक्यावर आले आणि ढवळायचं थांबले. त्याचा अर्थ असा होता: तुमच्या घरातल्या कोणाला जन्मावरून वेगळ्या भांड्यातून किंवा वरून पाणी ओतून दिलं गेलं असेल, तर एक पाऊल मागे जा.

बाईंनी आमच्या देशाबद्दल वाचलं होतं, मन लावून वाचलं होतं. त्यांचा दोष काहीच नव्हता. थोड्या वेळाने ठाण्याच्या ताईंचा फोन आला. हे पाण्याचं काढून टाकू या, म्हणाल्या, हा वंशाचा कार्यक्रम आहे, यात जात आणली की पालक बिथरतात. परत दहा मिनिटांनी फोन, की बाई ऐकत नाहीत, म्हणतात, तुमच्याकडचा वंशभेद जर हाच असेल तर तो गाळून मी काय शिकवू? दोघींपैकी कुणाची बाजू घ्यावी ते मला कळेना. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, तशातली गत. प्रश्न राहावा असं माझ्यातल्या शिक्षिकेला वाटत होतं, आणि काढावा असं माझ्यातल्या आईला.

कारण त्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात बसून लसूण सोलत होतं. माझी आई लहानपणी दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जायची. दुपारी पाणी मागितलं की शेतमालकीण बांधावर उभी राहून वरून तांब्या ओतायची आणि खाली ही मुलं ओंजळ धरायची. आई हे कधी रडून सांगत नाही. ती सांगते, की ओंजळ सैल राहिली तर पाणी कोपरावरून निथळून वाया जायचं आणि पुन्हा कोणी ओतत नसे, म्हणून आम्ही ओंजळ घट्ट धरायला शिकलो. आजही ती नळाखाली ओंजळीने पाणी पिते तेव्हा एक थेंब खाली पडत नाही. माझ्या मुलीने हे लहानपणापासून पाहिलंय. आजीसारखी ओंजळ धरून दाखवायचा तिचा एक खेळच होता.

मुलीला मी प्रश्न सांगितले नाहीत. ते पेपर फोडल्यासारखं झालं असतं. पण रात्रीच्या जेवणाला ती काट्याने भात खात होती आणि मी नुसती तिच्याकडे बघत होते. उद्या ती त्या रेघेवर उभी असेल, बाजूला तिचं सगळं कॉलेज, आणि माइक माझ्या हातात.

तो शुक्रवार होता, म्हणजे लूम बंद. एरवी आमच्या भागात कुठलाही कार्यक्रम त्या खडखडाटावर आवाज चढवून करावा लागतो. त्या दिवशी कल्याण रोडवरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये इतकं शांत होतं की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. मुलं वीसपंचवीस असतील, मराठी, उर्दू, हिंदी सगळ्या माध्यमांची. मागे भिंतीला लागून पालक बसलेले.

प्रशिक्षक बाई मला पाहताक्षणी आवडल्या. उंच, काळ्या, बारीक वेण्यांचा भार पाठीवर सोडलेला, आणि हसताना पुढच्या दातांतली फट दिसायची. चहा पिताना त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. त्यांच्या शाळेत हाच खेळ घेतला होता तेव्हा सगळा गोरा वर्ग पुढे आणि त्या एकट्या मागे भिंतीला टेकलेल्या. त्या दिवशी पहिल्यांदा बाकीच्यांनी मला नीट पाहिलं, म्हणाल्या. माझ्या तोंडावर आलं होतं, की बाई, आमचंही असंच काहीसं. पण शेजारी ताई बिस्किटं मोजून ठेवत होत्या, आणि मी चहाच प्यायले.

खेळ सुरू झाला. मुलं खडूच्या रेघेवर उभी राहिली. मी पहिलं वाक्य मराठीत सांगितलं, ताईंनी हिंदीत. ज्यांच्या घरात शाळेच्या पुस्तकांखेरीज पुस्तकं आहेत त्यांनी एक पाऊल पुढे. सगळी रांग पुढे गेली. ज्यांचे आईवडील कॉलेजात गेलेत त्यांनी पुढे. पुन्हा सगळी रांग पुढे. मागे एका मुलाचे वडील, स्वतः लूमवर दिवसपाळी करणारे, आपण कॉलेजात कधी गेलो ते आठवत हसत बसले होते. ज्यांना रंगावरून, नावावरून, भाषेवरून कुणी हिणवलंय त्यांनी मागे. एकही पाय हलला नाही. मागून पालक दबक्या आवाजात सांगत होते, पुढे सरक, आगे जा. थोड्याच वेळात सगळी मुलं स्टेजला चिकटून उभी होती आणि पुढे जायला जागा नव्हती.

बाई बघतच राहिल्या. एवढा सुखी गाव त्यांनी कुठे पाहिला नसावा. मला मात्र कळलं होतं. आमच्याकडे रांगेत उभं केलं की ती शर्यत असते. शाळेत, भरतीत, रेशनला, सगळीकडे जो पुढे त्याचा नंबर. माझी मुलगीही इतरांबरोबर पुढे गेली होती, पण तिच्या बाबतीत ते खरं होतं. पुस्तकं होती, मी शिकलेले होते. आणि हिणवल्याच्या प्रश्नाला ती इतरांसारखीच गप्प उभी राहिली. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, आता हा खेळ फिसकटला, पुढचे प्रश्न काही येत नाहीत.

पण बाई हार मानणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, यात हारजीत नाही, मार्क नाहीत, आपण दुपारनंतर पुन्हा खेळू आणि या वेळी खरं खेळू. मग त्यांनी संस्थेचं ते वाक्य सांगितलं आणि मी ते माइकवर शब्दाला शब्द मराठीत आणलं: जे मागे राहिलेत त्यांच्याशी आमची संस्था बांधील आहे. मुलांना घाबरू नका हे कळावं म्हणून त्या ते बोलल्या होत्या. पालकांनी त्यातून काय ऐकलं ते मला सुट्टीत कळलं.

जुम्म्याच्या नमाजासाठी मोठी सुट्टी होती. गेटबाहेर वडापावच्या गाडीपाशी खारबावचे एक गृहस्थ चारपाच पालकांना सगळं समजावून सांगत होते. राहनाळला त्यांच्या जमिनीवर गोडाऊनं उभी आहेत, भाडं येतं, माणूस मोकळ्या मनाचा, सगळ्यांचे वडापाव त्यांनीच घेतले होते. मला पाहून म्हणाले,

“मॅडम, आता ध्यानात आलं. ह्यांच्यात उलटं हाय. मागं राहील त्यालाच नेनार. पोरानला सकाळी उगाच पुढं दामटलं.”

मी म्हटलं, तसं काही नाही हो, जे खरं ते करायचंय. ते मान डोलवून हसले, जणू मास्तरणीच्या नात्याने मला तसं बोलणं भागच होतं. नमाजाहून लोक परत येईपर्यंत ही बातमी हॉलभर झाली होती. मागे राहायचं. जितकं मागे तितकं बरं.

आणि मला तो मोह झाला. इतकी पोरं खोटंच मागे जाणार, मग जिची खरोखर मागे जायची जागा आहे तिने का नाही? मी मुलीला नळापाशी गाठलं. तिची मैत्रीण शेजारी होती, म्हणून मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, दुसऱ्या फेरीत जे खरं असेल ते कर, माझी काळजी करू नकोस. ती माझ्याकडे बघत राहिली.

“सगळ्यांसमोर?” तिने विचारलं.

मी म्हटलं, तुला वाटलं तर. याहून पांगळं उत्तर मी आयुष्यात दिलं नसेल. ती हात पुसून निघून गेली. हॉलमध्ये जाताना तिच्या मानेवरची शीर मला दिसत होती.

दुसरी फेरी सुरू झाली आणि सकाळचा हॉल उलटा झाला. ज्यांच्या घरात पुस्तकं आहेत त्यांनी पुढे, म्हटलं, तर कोणी हलेना. सकाळची पुस्तकं जेवणाच्या सुट्टीत कुठे गेली देव जाणे. माझी मुलगी एकटी एक पाऊल पुढे गेली. आईवडील शिकलेले, पुन्हा ती एकटी पुढे. मग मागे जायची वाक्यं आली. धर्मावरून, जातीवरून, बोलीवरून ज्यांना घर भाड्याने नाकारलं गेलं त्यांनी मागे. काही मुलं खरंच गेली. तिची मैत्रीण गेली, आणि ते खरं होतं. त्यांना ठाण्यात घर मिळालं नव्हतं हे मला माहीत होतं. पण खारबावच्या गृहस्थांचा मुलगाही गेला, ज्याचे वडील स्वतः दुसऱ्यांना जागा भाड्याने देतात. मागून कोणीतरी हसलं. मुलंही हसू लागली. मागे सरकताना एकमेकांचे पाय तुडवत होती. माझी मुलगी जागची हलली नाही.

मग ते वाक्य आलं. बाई इंग्रजीत म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. मी माइक तोंडाशी धरला. शाळेत मी रोज शंभर वाक्यांचं भाषांतर करते, पण हे वाक्य जुळेना. मला दिसत होता बांध, तांब्या, आणि खाली धरलेली लहान ओंजळ. मी माइक दुसऱ्या हातात घेतला. आणि सांगितलं, ज्यांच्या घरातल्या कोणाला जन्मावरून वेगळ्या भांड्यातून, किंवा वरून पाणी ओतून दिलं गेलं असेल, त्यांनी एक पाऊल मागे.

सगळे मागे गेले. बऱ्याच जणांना त्याचा अर्थही माहीत नव्हता, मागे जायचं एवढंच माहीत होतं. आता भिंत जवळ आली होती, म्हणून ढकलाढकल झाली, एक मुलगा पालकांच्या खुर्चीवर पडला आणि हॉलभर हशा पिकला. आणि पुढे, रेघेच्याही पुढे, माझी मुलगी दोन्ही हात अंगाशी धरून एकटी उभी.

मी मनात ओरडत होते, जा, मागे जा. आणि त्याच वेळी म्हणत होते, नको जाऊ, बघतायत सगळे. ती समोर भिंतीकडे बघत होती.

बाई तिच्याजवळ गेल्या. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि शांतपणे काही बोलल्या, मग मला म्हणाल्या, हे सर्वांना सांगा. मी सांगितलं. माझ्या तोंडून माइकवर मी सांगितलं, की मागे उभं राहणं अवघड असतंच, पण आपल्याला जन्माने सगळं मिळालंय हे सर्वांसमोर कबूल करायलाही धीर लागतो. ही मुलगी सुदैवी आहे, आणि तिने ते प्रामाणिकपणे मान्य केलं, तिच्यासाठी टाळ्या.

टाळ्या वाजल्या. मी वाक्य अर्धवट सोडू शकले असते. बाईंना तिथल्या तिथे इंग्रजीत खरं सांगू शकले असते. इंग्रजी तिथे किती जणांना कळणार होतं? तेवढ्यात मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, जेमतेम, इतरांना दिसणार नाही एवढीच. नाही. म्हणून मी ते वाक्य पुरं केलं, स्वल्पविरामांसकट.

नंतर एकेकाला आत बोलावून दहा-पंधरा मिनिटं बोलायचं होतं. मुलीच्या वेळी मी बाहेर बसले. दार बंद होतं. आत गेल्यावर तरी सांगेल, असं एकदा वाटायचं; मग वाटायचं, सांगितलं आणि ताईंच्या तोंडून उद्या कॉलेजात गेलं तर? मी नखं खात होते. वर्गात याच सवयीवरून मी मुलांना ओरडते. ती गेली होती तशीच बाहेर आली. निघताना बाईंना कळलं, की ही माझीच मुलगी. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, किती ठाम आहे, तुम्ही तिला काही कमी पडू दिलेलं नाही. त्यांची गाडी सुरू होऊन उभी होती, मुलगी शेजारी होती. मी थँक्यू म्हटलं. त्या भल्या बाईला मी थँक्यू म्हटलं याचा मला अजून राग येतो, आणि दुसरं काय म्हणायला हवं होतं तेही अजून कळत नाही.

पुढचे आठवडे कसे गेले ते विचारू नका. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे. मुलगी काट्याने खात होती, पण आता तिचं लक्ष ताटलीत नसायचं. नवरा लांब पल्ल्याच्या एसटीवर ड्युटीला, रात्री फोन करून विचारायचा, आलं का काही? मी म्हणायचे, नाही. खरं म्हणजे मला काय यायला हवं होतं? जागा मिळावी असं वाटायचंच. पण मिळाली तर ती त्या खोट्या टाळीवर मिळणार, आणि नाही मिळाली तर त्याच टाळीपायी जाणार.

नाही मिळाली. ते आम्हाला कळलं खारबावच्या गृहस्थांकडून. रविवारी सकाळी ते स्वतः पेढ्यांचा बॉक्स घेऊन जिना चढून आले. त्यांच्या मुलाचा नंबर लागला होता. मुलगा हुशार आहे, चांगला आहे, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. दार माझ्या आईने उघडलं. त्यांनी बॉक्स पुढे धरला, पण ती तो घेईना. आयुष्यभराच्या सवयीने तिने दोन्ही हात जुळवून ओंजळ पुढे केली. त्यांनी हसून वाकून त्या ओंजळीत दोन पेढे ठेवले आणि तिच्या पाया पडले. मग माझ्या मुलीला म्हणाले,

“वाईट वाटून घेऊ नको गं. बाईंनीच सांगितलं ना, तू नशीबवान हाय. तुला काय कमी न्हाय.”

मनापासून म्हणाले. मी चहा विचारला, तो त्यांनी घेतला, कप आत आणून ठेवला आणि गेले.

दार लागलं आणि माझा तोल गेला. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. मी मुलीला म्हटलं, एक पाऊल, फक्त एक पाऊल मागे जायचं होतं, ती जागा तुझी होती, तुझ्यासाठीच तर काढली होती त्यांनी, आणि तू कुणाला भिऊन तिथे पुतळ्यासारखी उभी राहिलीस? त्या नववीतल्या मैत्रिणीच्या आईला, त्या चहावालीला? तिला कधीची विसरायला हवी होतीस. एवढी लाज वाटते आपली?

ती टेबलापाशी बसली होती, पोह्यांची ताटली समोर. तिने काटा बाजूला ठेवला.

“मी भ्यायले नव्हते, आई,” ती म्हणाली. “मी पाय उचलला होता. पण मागे सगळे हसत होते. त्या हसण्यात मला आजीचं पाणी न्यायचं नव्हतं.”

तिने ताटली जवळ ओढली आणि हाताने खायला लागली. आतून आईने विचारलं, त्या भल्या माणसाचा पोरगा कुठे निघालाय? मी सांगितलं, परदेशी, शिकायला. आई म्हणाली, चांगलं झालं, आणि बाहेर येऊन एक पेढा नातीच्या ताटलीत ठेवून दुसरा तिने अर्धा मोडून मला दिला.